सोनकीच्या भिंतींचे रंग

गाव संपतं आणि रान सुरू होतं, त्या मधल्या जागी सोनकीचं घर होतं. घर कसलं, एवढीशी एक खोली! मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि पुढं टीचभर अंगण. चुलीच्या धुरानं भिंती काळ्याकुट्ट झालेल्या. पावसानं त्यांचे पोपडे निघालेले. अंगणात दगड आणि काटेकुटे. फुलाचं म्हणाल तर एक रोप नव्हतं तिथं, आणि फूल नाही म्हणून फुलपाखरूही तिकडं फिरकत नसे.

त्या घरात दोघीच राहायच्या. सोनकी आणि तिची आई. डोंगरावर सोनकीची पिवळीधमक फुलं फुलतात ना, त्या दिवसांत ती जन्मली, म्हणून तिचं नाव सोनकी. बाबा तिला आठवतच नव्हते.

आईचं नाव सगुणा. ती बांगड्या विकायची. डोक्यावर टोपली घेऊन वाडीवाडीला हिंडायची. तिचा हात इतका मऊ, की घट्टातली घट्ट बांगडीसुद्धा मनगटावर अल्लाद चढायची. लहान मुली हात पुढं करून डोळे मिटून घ्यायच्या, आणि डोळे उघडून बघतात तर बांगड्या भरून झालेल्या! पण एका पावसाळ्यात ओढा ओलांडताना सगुणाचा पाय शेवाळावरून घसरला. टोपली दगडांवर आदळली. साऱ्या बांगड्या फुटल्या आणि पायही मोडला.

पाय सांधला, पण त्यात पूर्वीसारखा जोर आला नाही. आणि खरं सांगायचं तर आईचा पाय मोडला त्याहून तिचं मन जास्त मोडलं. ती दिवसभर खाटेवर पडून राहायची, काळ्या भिंतीकडं तोंड करून. सुरुवातीला गावातल्या बायका विचारपूस करायला आल्या. आई कुणाशी बोलेना, तेव्हा त्यांचंही येणं हळूहळू कमी झालं. वाटेवर गवत माजलं. आता फक्त गिरजामावशी येता-जाता वळणावरच्या दगडावर भाकरी ठेवून जायची आणि लांबूनच हाक मारायची, "सोने, घेऊन जा गं!"

सोनकी इवलीशी, पण सगळं करायची. लाकडं आणायची, पेज शिजवायची, आईचे केस विंचरायची. रोज सकाळी रानातल्या झऱ्यावर जाऊन लोटाभर पाणी आणायची. ते पाणी थंडगार आणि गोड असायचं. आई ते प्यायली, की तिच्या कपाळावरची एक आठी कमी व्हायची. त्या एका आठीसाठी सोनकी एवढी लांब चालत जायची.

एक दिवस ती लोटा भरून परत येत होती. हिवाळ्याची कोवळी सकाळ होती. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मणी लुकलुकत होते. तेवढ्यात तिला बारीकसा आवाज आला, मोहरीचा दाणा फुटावा तसा.

"अगं, सोडव ना मला! अगं, इकडं बघ ना!"

बाभळीच्या खोडावर डिंकाचा एक सोनेरी गोळा ओघळला होता, आणि त्यात अडकली होती एक चिमुकली परी! बोटभर उंचीची. गोकर्णाच्या निळ्या पाकळीचा परकर, केसांत दवाचा एकच थेंब, आणि पाठीवर जाईच्या पाकळ्यांसारखे दोन पंख. पण पंख डिंकात पार चिकटून गेले होते. ती सुटायला धडपडे तसतशी अधिकच गुंतत होती.

"थांब, थांब, हलू नकोस," सोनकी म्हणाली. "ओढलेस तर फाटतील गं!"

डिंक ओढून निघत नाही, तो पाण्यात विरघळतो, हे तिला माहीत होतं. तिनं लोट्याकडं बघितलं. आईचं पाणी! पण परीच्या डोळ्यांत इवलेइवले अश्रू आले होते. सोनकीनं बोटाच्या टोकानं थेंब थेंब पाणी सोडायला सुरुवात केली. डिंक मऊ झाला. तिनं हलकेच फुंकर घातली, पुन्हा थेंब सोडला, पुन्हा फुंकर घातली. ऊन चढलं, लोटा रिकामा झाला, तेव्हा कुठं दुसरा पंख सुटला.

परी सोनकीच्या तळहातावर बसली आणि पंख उन्हात वाळवू लागली.

"तुझं पाणी संपलं ना गं?"

"असू दे. मी पुन्हा भरून आणते," सोनकी म्हणाली, आणि रिकामा लोटा घेऊन वळलीसुद्धा.

"अगं, थांब तरी!" परी हसली. तिचं हसणं म्हणजे चांदीची घुंगरं. "मी अंगणपरी. तू माझे पंख वाचवलेस, आता मी तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन."

सोनकी क्षणभरही थांबली नाही. "माझ्या आईचा पाय बरा कर."

परीचा चेहरा एवढासा झाला. "ते माझ्या हातात नाही गं, राणी. दुखणीखुपणी मला बरी करता येत नाहीत. घर आणि अंगण, एवढंच माझं राज्य. त्यांना हवं असेल ते माग."

सोनकी विचारात पडली. तिच्या डोळ्यांसमोर ती काळी भिंत आली. त्या भिंतीकडं तोंड करून निजलेली आई आली. भिंतच सुंदर असती तर? आईला दिवसभर काहीतरी छान दिसलं असतं तर?

"पण नियम आहेत हं," परी बोट वर करून म्हणाली. "पायाखाली दव असेल तेव्हाच मागायचं. आणि नीट ऐक, मला नवं काही घडवता येत नाही. मी फक्त आणते. तू जे मागशील ते कुठून तरी येईल. आणि ते परत पाठवायचं झालं, तर त्यालाही एक इच्छा खर्चावी लागेल."

"कुठून तरी" म्हणजे आभाळातल्या एखाद्या भल्यामोठ्या कोठारातून, असं सोनकीला वाटलं. तिनं मान डोलावली आणि झऱ्याकडं धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ती अंगणात अनवाणी उभी राहिली. पायांना दव गार गार लागत होतं. डोळे घट्ट मिटून ती म्हणाली, "परी गं परी, आमच्या भिंतींना रंग दे. खूप सुंदर रंग!"

झुळूक आली. खोलीतून आईचा आवाज आला, "अगं बाई!"

सोनकी आत धावली आणि उंबऱ्यावरच थबकली. काळ्या भिंती कुठं गेल्या? एक भिंत हळदीसारखी पिवळी झाली होती, तिच्यावर काळेभोर ठिपके. दुसरी नारिंगी, तिला पांढरी नक्षीदार किनार. तिसरी तर मोरपंखी निळी, कशी झळझळत होती! सगळे रंग नुसते लागलेले नव्हते, ते श्वास घेतल्यासारखे हलत होते. उजेड पडला की चमकत होते.

आणि आई? आई कोपरावर रेलून उठली होती! ती हात लांब करून निळ्या भिंतीला शिवत होती.

"सोने, घरात मोर शिरलाय की काय गं?" ती म्हणाली, आणि हसली. किती दिवसांनी हसली! सोनकीनं दिलेली पेज तिनं वाटी पुसून खाल्ली.

सोनकीला आनंद कुठं ठेवू असं झालं. लोटा घेऊन ती उड्या मारत झऱ्याकडं निघाली.

डोंगराच्या उतारावर रोज फुलपाखरांची जत्रा असायची. आज मात्र तिथं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. फुलं होती, ऊन होतं, पण त्यांच्यावर नुसते राखाडी कपटे भिरभिरत होते. जळून गेलेल्या कागदाचे तुकडे उडावेत तसे. सोनकी जवळ गेली. एक कपटा तिच्या हातावर येऊन बसला. त्याला इवल्या मिशा होत्या. तो थरथर कापत होता.

ते फुलपाखरू होतं!

त्याच्या पंखांवर रंगाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. पिवळं आणि काळे ठिपके. नारिंगी आणि पांढरी किनार. मोरपंखी निळा. कुठून आले होते ते रंग, हे तिला आत्ता कळलं.

इतक्यात वरून एक पक्षी झेपावला आणि समोरच्या फुलावरचं फुलपाखरू त्याच्या चोचीतून जेमतेम निसटलं. सोनकी ओरडली, "हाऽड! ते कडू असतं, खाऊ नकोस!" त्या फुलावर रोज बसणारी नारिंगी फुलपाखरं कडू असतात, आणि पक्षी त्यांचा रंग बघूनच लांब राहतात, हे रानातल्या कुणालाही ठाऊक होतं. पण आता रंगच नव्हता. पक्ष्याला तरी कसं समजणार? तो पुन्हा घिरटी घालून येत होता.

सोनकीनं खाली पडलेली डहाळी उचलली आणि गरागरा फिरवून त्याला हाकललं. पण उतार केवढा मोठा! ती एकटी कुठं कुठं पुरणार? रंग परत द्यायला हवे होते. आत्ताच्या आत्ता.

आणि लगेच तिला आईचं हसणं आठवलं. निळ्या भिंतीवर ठेवलेला तिचा हात आठवला. सोनकीचे डोळे भरून आले. "आज राहू दे ना," तिचं मन म्हणालं. "फक्त आजचा दिवस. आई आत्ता कुठं हसलीय."

हातावरचं फुलपाखरू अजून कापतच होतं.

सोनकीनं डोळे पुसले आणि खाली बघितलं. ऊन वर आलं होतं. गवतावरचं दव वाळून गेलं होतं! ती पळत सुटली. या झाडाखाली बघ, त्या दगडामागं बघ. कुठंच ओल नव्हती. शेवटी घळीतल्या गर्द सावलीत, जिथं दुपारपर्यंत ऊन पोचत नाही, तिथं तिला गवताचा हातभर तुकडा अजून चमचमताना दिसला. काट्यांनी पाय ओरबाडले तरी ती तशीच खाली उतरली आणि त्या ओल्या गवतावर पाय ठेवून म्हणाली, "परी गं परी, ज्याचे रंग त्याला परत दे!"

वर उतारावर जणू कुणीतरी मूठभर फुलं उधळली. पिवळी, निळी, नारिंगी फुलपाखरं एकदम आकाशात उठली. पण सोनकीला ते बघायचा धीर झाला नाही. ती मान खाली घालून घरी निघाली.

भिंती पुन्हा काळ्या झाल्या होत्या.

"गेले गं रंग," आई म्हणाली.

सोनकी तिच्या कुशीत शिरून रडली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. डिंकातली परी, तीन इच्छा, राखाडी फुलपाखरं, कडू फुलपाखरावर झेपावलेला पक्षी, सगळं. आई कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"दुसऱ्याच्या अंगावरचं काढून आपलं घर नाही सजवायचं, बाळ," ती हळूच म्हणाली. "बरं केलंस तू."

पण मग तिनं कूस बदलली आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

सोनकी दाराशी बसून राहिली. एक इच्छा उरली होती. पण आता मागायची भीती वाटत होती. मखमली पडदा मागावा तर तो कुणाच्या दाराचा असेल? फुलांची बाग मागावी तर ती कुणाच्या परसातली असेल? कुणाचंही न ओरबाडता घर सुंदर करता येईल का?

समोरच शिरीषाचं झाड होतं. वारा आला आणि एक वाळकी शेंग गळून तिच्या पायाशी पडली. सोनकीनं ती उचलली, तशा आतल्या बिया खुळखुळल्या. खुळ् खुळ् खुळ्. तिनं पुन्हा हलवली. मग मान वर करून झाडाला विचारलं, "ही तुला नकोय ना?"

झाड काय बोलणार? पण त्यानं आणखी एक शेंग खाली टाकली.

बस्स! सोनकीनं स्वतःपुरता एक नियम करून टाकला. जे गळलंय, वाळलंय, कुणी टाकलंय, तेवढंच घ्यायचं. शेंगा दोऱ्यात ओवून तिनं दाराला तोरण बांधलं. वारा आला की ते खुळखुळायचं, जणू घराच्या पायांत वाळे! ओढ्याकाठची तांबडी माती आणली, तिच्यात शेण आणि गवताचं भूस कालवलं आणि भिंती सारवायला घेतल्या. चिमुकले हात केवढे, भिंत केवढी! पण हातभर आज, हातभर उद्या, असं करत काळोख मागं हटला आणि खोली गाजरासारखी लालसर, उबदार दिसू लागली. गिरजामावशीनं टाकून दिलेल्या करवंट्या तिनं काथ्यानं बांधून वळचणीला टांगल्या. अंगणातले दगड वेचले, पण फेकले नाहीत. गोल गोल दगडांची तिनं वाट आखली, पांढरा, मग करडा, मग पांढरा. वेलीवरच वाळलेला आणि कुणीतरी उकिरड्यावर टाकलेला एक दुधी भोपळा मिळाला, त्याला भोक पाडून चिमण्यांसाठी घर केलं. गुलबक्षीच्या मिऱ्यांएवढ्या काळ्या बिया, गोकर्णाच्या चपट्या बिया, रानातल्या वाटेवर सांडलेल्या, तिनं एकेक करून गोळा केल्या आणि करवंट्यांत आणि कुंपणाशी पेरल्या.

बिया काही केल्या उगवेनात. सोनकी रोज माती उकरून बघायची. एका सकाळी करवंटीच्या काठावर अंगणपरी पाय हलवत बसलेली दिसली.

"माग की गं," परी म्हणाली. "एक इच्छा आहे अजून. आत्ता इथं फुलांनी डवरलेली रोपं आणून देते."

"कुठून आणशील?"

"ओढ्यापलीकडं मधमाश्यांचं पोळं आहे ना, त्याच्यापुढं केवढा ताटवा आहे!"

"नको गं बाई!" सोनकी घाईघाईनं म्हणाली. "मग त्या काय खातील? मी थांबते की."

परीचे पंख आनंदानं गुलाबी झाले.

आता राहिली होती एकच भिंत, आईच्या खाटेलगतची. तीही सारवून झाली, तेव्हा सोनकीनं पांढरी माती पाण्यात कालवली, काडीचं टोक चावून कुंचला केला आणि त्या भिंतीवर एक वेल काढायला घेतली. आई पडल्या पडल्या बघत होती.

"अगं, वेल अशी सरळसोट नसते चढत," एकाएकी आई म्हणाली.

सोनकी काडी हातात धरून तशीच उभी राहिली. "मग कशी चढते?"

"ती चाचपडत जाते. जरा इकडं, जरा तिकडं. आधार सापडला की मग त्याला मिठी मारते."

"मला नाही जमत. दाखव ना."

आईनं काडी घेतली. पडून काढता येईना, म्हणून कोपरावर उठली. तेवढ्यानं भागेना, म्हणून बसली. सोनकीनं तिच्या पाठीशी गाठोडं लावलं. आईच्या हाताखालून वेल निघाली, वळली, लाजली, पुढं गेली. तिला पानं फुटली. पानाआड एक चिमणी आली.

"चिमणीला डोळा हवा," आई म्हणाली. तिनं खाटेच्या कडेवरून वाकून बघितलं. मग म्हणाली, "खाटेखाली मडकं आहे बघ. आण ते."

मडक्यात फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे होते. ओढ्याकाठून गिरजामावशीनं वेचून आणून दिले होते आणि आईनं ते कधी उघडून बघितलेही नव्हते. आज तिनं एक काळा तुकडा उचलला, भिंतीवरच्या ओल्या मातीत दाबला, आणि चिमणीला डोळा आला. चकचकीत, जिवंत!

मग काय विचारता! मायलेकी दोघी कामाला लागल्या. हिरवे तुकडे पानांवर बसले, लाल फुलांत, पिवळे परागांत. "हा सोनेरी राजवर्खी," आई सांगायची, "हा निळा मोरचूद. हा बघ, हा लग्नातल्या चुड्याचा हिरवा." तुकडे निवडता निवडता ती हसायची, जुन्या गोष्टी सांगायची, आणि उंचावरच्या फुलापर्यंत हात पोचेना तेव्हा भिंतीचा आधार घेऊन चक्क उभी राहिली. पाय लटपटला. सोनकीनं आपला खांदा पुढं केला. आईनं फूल पुरं केलं.

सकाळचं ऊन दारातून आत आलं, की त्या काचांवर पडून साऱ्या खोलीत रंगांचे ठिपके नाचायचे. छपरावर, चुलीवर, आईच्या गालावर. हे रंग कुणाचे काढून आणलेले नव्हते.

आणि एके दिवशी करवंटीतून हिरवा कोंब वर आला. मग दुसरा आला. मग कुंपणाशी ओळच लागली! डोंगरावरची फुलपाखरं आता रोज यायची, सोनकीच्या डोक्यावर बसायची. गोकर्ण कुंपणावर चढलं, जरा इकडं, जरा तिकडं चाचपडत, अगदी आई म्हणाली होती तसंच. गुलबक्षीनं संध्याकाळी गुलाबी तुताऱ्या उघडल्या. भोपळ्यात चिमणीनं काड्या आणून भरल्या.

आई काठी टेकत उंबऱ्यापर्यंत येऊ लागली. ती तिथं बसून गजबजलेलं अंगण बघायची. पण बघता बघता तिची नजर पुढं जायची, गवत माजलेल्या वाटेकडं. तिथं ती बराच वेळ अडकून राहायची.

"आता कुणी येत नाही ना इकडं," एकदा ती म्हणाली. "मीच कुणाशी बोलले नाही. कशाला येतील?"

सोनकीनं ते मनात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दवात उभी राहिली. परी गोकर्णाच्या फुलात वाट बघत होती.

"शेवटची इच्छा, सोनकी. नीट विचार कर हं."

"केलाय," सोनकी म्हणाली. "आमच्या अंगणात पाहुणे येऊ देत. कुठून तरी येतील, म्हणजे तिथं ते नसतील, हे मला कळतंय. म्हणून दिवसभरच येऊ देत. संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या घरी परत जावं. म्हणजे कुणाचं काही कमी होणार नाही ना?"

परी टकमका तिच्याकडं बघतच राहिली. "इतकी वर्षं मी इच्छा ऐकत आले," ती म्हणाली, "पण असं मागणं कुणी मागितलं नव्हतं गं!" आणि तिनं पंख एकमेकांवर टिचकी मारल्यासारखे वाजवले.

डोंगरावरून फुलपाखरं निघाली. एक नाही, दोन नाही, रंगीत ढगच! ती गावावरून उडाली, चावडीला वळसा घालून परत फिरली, आणि त्यांच्यामागं गावातली पोरं धावत सुटली. पोरांच्यामागं त्यांच्या आया, "अरे, कुठं निघालात?" करत. गवत तुडवत, हसत, धापा टाकत सगळी वरात सोनकीच्या अंगणात येऊन थांबली.

दगडांची वाट. खुळखुळणारं तोरण. करवंट्यांतून झुलणारी फुलं. आणि उघड्या दारातून दिसणारी ती भिंत, उन्हात लखलखणारी.

"सगुणे!" गिरजामावशीनं तोंडावर हात नेला. "हे कुणी केलं गं?"

"आम्ही दोघींनी," आई म्हणाली. "गिरजे, तू भाकरी ठेवत राहिलीस आणि मी एकदासुद्धा तुला आत ये म्हटलं नाही."

"बघ बरं, काय बोलतेस!" मावशीनं तिचा हात हातात घेतला. "तू उंबऱ्यावर बसलीस, मला सगळं मिळालं."

मग अंगण गजबजून गेलं. पोरं चिमणीचं घर बघायला भांडू लागली. बायका भिंतीवरच्या वेलीवरून बोटं फिरवू लागल्या. कुणाला तोरण कसं ओवायचं ते शिकायचं होतं, कुणाला गुलबक्षीच्या बिया हव्या होत्या. सोनकीनं त्या ओंजळी भरभरून दिल्या. गिरजामावशी तर मध्येच उठून घरी गेली आणि आपल्या तानीला घेऊन आली. तानीचं लग्न ठरलं होतं. तिच्या पदरात बाजारातून आणलेला हिरवा चुडा होता.

"नवा कासार हात सोलून काढतो बाई," मावशी म्हणाली. "माझ्या लेकीचा चुडा तूच भर."

आईनं आपल्या हातांकडं बघितलं. मग तानीचा हात मांडीवर घेतला, हलकेच दाबला, बोटं जुळवली. तानीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांवर हिरवा चुडा किणकिणत होता.

"अगंबाई, झालंसुद्धा?" तानी म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती सगुणा.

संध्याकाळ झाली. सोन्याचं ऊन अंगणात उतरलं. फुलपाखरं डोंगराकडं गेली, पोरं आयांची बोटं धरून गेली, शेवटी गिरजामावशीही गेली. अंगण शांत झालं. गोकर्णाच्या फुलात परी उभी होती. तिचे पंख उन्हासारखेच सोनेरी झाले होते.

"आता मी जाते, सोनकी."

"परी," सोनकीनं विचारलं, "इच्छा तर संपल्या. मग उद्या कुणी यायचं नाही का?"

परी तिच्या बोटावर येऊन बसली. "ते मला नाही माहीत, राणी. उद्याचं माझ्या हातात नाही. पण कुणालाही यावंसं वाटेल असं घर तुम्ही दोघींनीच केलंय." तिनं सोनकीच्या गालाला गाल लावला. मावळतीचा एक लांबलचक किरण अंगणात आला, परी त्याच्यावर चढली, आधी तिचा निळा परकर सोनेरी झाला, मग केसांतला दवाचा थेंब चमकला, आणि बघता बघता नुसता उजेडच उरला. तोही हळूहळू फुलांत मुरून गेला.

दुसऱ्या दिवशी सोनकी जागी झाली ती वाटेवरच्या बोलण्यानं. फुलपाखरं अजून डोंगरावर झोपलेली होती. जादू संपलेली होती. तरीसुद्धा कुणीतरी येत होतं. एक जण नव्हे, चांगल्या चारचौघी. तानीच्या मैत्रिणी! कुणाच्या हातात बांगड्यांचा पुडा, कुणाच्या हातात रोप, कुणाच्या ताटलीत गरम भाकरी.

"सगुणामावशी, आहेस का गं घरात?"

सोनकीनं आईकडं बघितलं. आई आधीच उठली होती. केस सारखे करून, काठी टेकत ती दाराशी निघाली होती.

"या गं पोरींनो, या," आई म्हणाली. "आधी घोटभर पाणी घ्या, मग हात पुढं करा."